आठच्या उपासनेतले शांतवनकाका

शांतवनकाका ओहोळ गेले त्या दिवशी आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुपारपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कोणी लिहिलेलं, ‘शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं.’ कोणी लिहिलेलं, ‘सर्वांना सांभाळून घेणारे काका.’ मी चष्मा पुसून नाव पुन्हा वाचलं. म्हटलं, दुसरे कोणी ओहोळ असतील. आमच्या काकांनी कोणाला सांभाळून घेतल्याचं कल्याणात तरी कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सांभाळलं ते फक्त एक जुनं प्रार्थनापुस्तक, आणि त्यापायी जेवढी माणसं दुखावता येतील तेवढी दुखावली. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. माणूस गेल्यावर त्याला मनमिळाऊ करून टाकायची आम्हा ख्रिस्ती लोकांना फार हौस आहे.

काका मोहन्याला राहायचे. रेयॉनच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली, रिटायर झाले आणि मग पूर्ण वेळ देवाच्या कामाला लागले, म्हणजे इतरांच्या चुका काढायला. कल्याणच्या आमच्या दगडी चर्चचे ते वॉर्डन. वॉर्डन म्हणजे देवळाच्या किल्ल्या, भांडीकुंडी आणि शिस्त सांभाळणारा माणूस. उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट, डोक्याला चप्प बसवलेलं तेल आणि पायात कारखान्याचे जाड तळव्याचे बूट. ते बूट वाजले की मागच्या बाकावरची पोरं आपोआप सरळ बसायची. उपासनेचा चांदीचा प्याला ते दर शनिवारी दंतमंजनाने घासायचे. दुसरं काही लावलं की चांदी काळी पडते, असं त्यांचं मत होतं. त्यांचं मत असलं की ते कमिटीचंही मत असायचं, कारण कमिटीत वाद घालायला कोणाला वेळ नव्हता.

आम्ही अँग्लिकन. हे बाहेर कोणाला समजावून सांगायचं म्हणजे शिक्षा असते. मी डोंबिवलीला राहते. आमच्या सोसायटीत इतक्या वर्षांनीही मला विचारतात, ‘तुम्ही कॅथलिक ना?’ नाही म्हटलं की, ‘मग ते टाळ्या वाजवणारे?’ तेही नाही म्हटलं की समोरची बाई काळजीने बघते, बिचारी नक्की कोण आहे म्हणून. काकांकडे याचं एका शब्दात उत्तर होतं. ‘मधले,’ असं ते म्हणायचे. ‘आपण मधले. रोमी नाही आणि टाळ्यावाले नाही.’ हे ते इतक्या अभिमानाने सांगायचे, जसं काही मधे उभं राहणं हा मोठा पराक्रम आहे. त्या मधल्या जागेत गर्दी मात्र कधी दिसली नाही.

म्हणजे साडेदहाच्या उपासनेला असायची. नवे पाळकसाहेब आले ते तरुण, मोटरसायकलवाले, स्वभावाने खरंच चांगले. स्वतःला ‘पास्टर आशिष’ म्हणा म्हणायचे. काका ऐकून न ऐकल्यासारखं करून ‘पाळकसाहेब’च म्हणत. साहेबांनी साडेदहाला गिटार आणली, ड्रम आणला, भिंतीवर पडदा लावला. त्यांनी काकांसाठी म्हणून सकाळची आठची जुनी उपासना तेवढी राहू दिली. वाद्य नाही, पडदा नाही, सगळं जुन्या पुस्तकातून, गुडघ्यावर. आठला किती माणसं? तीन. काका, सरोजिनीबाई आणि मी. मी तिथे श्रद्धेपोटी नव्हते, हे आधीच सांगते. माझी आई तिसरी होती. ती गेल्यावर काका सांत्वनाला घरी आले, चहा प्यायले आणि उठताना म्हणाले, ‘रत्ना, रविवारी आठला ये. तिघं लागतात.’

जुन्या पुस्तकात तसा नियमच आहे. पाळकाबरोबर भाकर आणि प्याला घ्यायला निदान तीन माणसं नसतील तर प्रभुभोजन करायचं नाही. एकदा मला ताप आला होता. पाळकसाहेब म्हणाले, ‘काका, दोघं तर दोघं. देव काय हजेरी घेतोय?’ काकांनी मेजावरचा प्याला उचलला, फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. मग मला फोन करून विचारलं, ‘ताप किती आहे?’ मी आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘एवढ्यात मी कारखान्यात पाळी केलेली आहे.’ ही त्यांची विचारपूस.

आता सरोजिनीबाई. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होत्या, कळव्याला पुतण्याकडे राहायच्या. उंच, काटक, पांढऱ्या साडीला नेहमी कडक इस्त्री. आमच्यात जात नाही असं आम्ही दर नाताळाला व्यासपीठावरून ऐकतो, पण अँग्लिकनांत दोन जाती असतातच. एका जातीला देवळात मेणबत्त्या, झगे, वेदीपुढे वाकणं हे सगळं लागतं. दुसऱ्या जातीला त्यातलं काहीही दिसलं की रोमचा वास येतो. काका पहिल्या जातीचे, बाई दुसऱ्या. दोघांचे आजे नगर जिल्ह्यातल्या दोन वेगवेगळ्या मिशनांत बाप्तिस्मा घेतलेले. गोऱ्या साहेब लोकांनी आपापसातली भांडणं बोटीतून आणली आणि जाताना आमच्याकडेच ठेवून गेले. आम्ही ती अगदी जपून वापरतो.

भांडण झालं ते असं. काकांनी वॉर्डन झाल्यावर वेदीवर दोन मेणबत्त्या लावायला सुरुवात केली. बाईंनी तीन रविवार सहन केलं. चौथ्या रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी त्या बाकावरून उठल्या, तडक पायऱ्या चढून वर गेल्या आणि डाव्या मेणबत्तीवर फुंकर मारली. दुसरीवर मारणार तेवढ्यात काका मधे उभे राहिले. आई सांगायची, काका पांढरे पडले होते. मेणबत्ती विझली याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे की फुंकून विझवली. अँग्लिकन झाले तरी ते नगरकडचेच. त्यांच्या आईने कधी दिव्यावर फुंकर मारली नव्हती, पदराने वारा घालायची. ‘बाईमाणसाने दिवा फुंकला,’ असं ते कित्येक दिवस म्हणत होते. यात कोणता भाग धर्माचा आणि कोणता आईचा, हे त्यांचं त्यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

तेव्हाच्या पाळकांनी तोडगा काढला. उजवी मेणबत्ती पेटवायची, डावी नाही. त्या दिवसापासून आमच्या वेदीवर एक पेटलेली आणि एक कोरी अशा दोन मेणबत्त्या असतात. पुढे एकदा बिशपसाहेब आले. त्यांनी चौकशी केली तेव्हा पाळकांना काही सुचेना, म्हणून त्यांनी सांगितलं, ‘एक तारलेल्यांची, एक अजून यायचे आहेत त्यांची.’ बिशपसाहेब इतके भारावले की पुढच्या गावी त्यांनी त्यावरच उपदेश केला. आता आणखी एका मंडळीत म्हणे तशीच पद्धत आहे. काकांना हे कळलं तेव्हा ते हसले, त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पण खरा घोळ पुढेच होता. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे, की ज्याचं शेजाऱ्याशी सख्य नाही त्याने प्याल्याला हात लावायचा नाही. आणि हे दोघं तर एकमेकांशी बोलत नव्हते. दुसरा कोणी असता तर त्याने एक तर पुस्तक सोडलं असतं नाहीतर भांडण. या दोघांनी दोन्ही ठेवलं. दर रविवारी आठच्या आधी काका देवळाच्या दारात उभे राहायचे. बाई रिक्षातून उतरून यायच्या. काका म्हणायचे, ‘सलाम, बाई.’ बाई म्हणायच्या, ‘सलाम, शांतवन.’ झालं सख्य. ते उपासना संपेपर्यंत टिकायचं. नंतर काका एका दाराने बाहेर पडायचे, बाई दुसऱ्या दाराने, आणि पुढचे सहा दिवस वैर नियमाने चालू. मी एकदा काकांना म्हटलं, ‘देवाला हे चालतं का?’ ते म्हणाले, ‘सख्य किती वेळाचं पाहिजे ते पुस्तकात दिलेलं नाही.’

असा माणूस ढोंगी असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. मग ती छोट्या पेल्यांची गोष्ट झाली.

साथीच्या काळानंतर साडेदहाच्या उपासनेला एक प्याला सगळ्यांनी ओठाला लावणं बंद झालं. त्याऐवजी प्लॅस्टिकचे अंगठ्याएवढे पेले आले, आत द्राक्षाचा रस. एका रविवारी पाऊस होता, माणसं कमी आली आणि भरलेले पेले ट्रेमध्ये तसेच उरले. साहेबांच्या एका कार्यकर्त्याने ट्रे उचलला आणि बेसिनकडे निघाला. काका साडेदहाला थांबत नसत, पण छत्री विसरली म्हणून परत आले होते. त्यांनी ते पाहिलं. ‘आशीर्वाद झालेला आहे ना यावर?’ एवढंच विचारलं. तो म्हणाला, ‘हो, पण आता उरलंय.’ पुस्तकाचा नियम असा की आशीर्वाद झालेलं उरलं तर ते तिथेच, आदराने, खाऊन-पिऊन संपवायचं. काकांनी कोटाची बटणं लावली आणि उभ्याउभ्या एकेक पेला प्यायला सुरुवात केली. काकांना डायबेटिस होता आणि तो रस म्हणजे निव्वळ साखरेचा पाक. ट्रे रिकामा झाला, काका बाकावर बसले आणि बसलेले उठेनात.

दवाखान्यात मी बरोबर होते. डॉक्टर बाई तरुण, कामाच्या घाईत. ‘आजोबा, काय खाल्लंत?’ काका डोळे मिटून म्हणाले, ‘प्रभूचं रक्त.’ डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘द्राक्षाचा रस.’ काका म्हणाले, ‘आधी होता.’ डॉक्टर बाईंनी पुढे विचारलंच नाही, सलाईन लावलं.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की या माणसाला हे सगळं खरं वाटतं. आम्हा बाकीच्यांना ते छान वाटतं, ओळखीचं वाटतं, नाताळात तर फारच छान वाटतं. काकांना खरं वाटत होतं. मला जरा लाजच वाटली आणि थोडा रागही आला, कारण अशा माणसापुढे आपण उगाच हलके ठरतो.

बाईंना मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मूर्ख आहे. ती नुसती आठवण असते, रक्तबिक्त काही नाही. सांग त्याला.’ दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या हाती मेथीची पूड पाठवली. ‘माझं नाव घेऊ नकोस,’ असा निरोप. काकांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाले, ‘इतकी कडू बाईंकडचीच असणार.’ डबा मात्र रिकामा करून, धुऊन परत दिला.

पुढच्या हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. पोटातलं दुखणं, उशिरा कळलं. हॉस्पिटलने घरी न्या म्हणून सांगितलं. पाळकसाहेब लगेच कळव्याला गेले, बरोबर तो छोट्या पेल्यांचा संच होता. बाईंनी पेल्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ‘मला आठची उपासना पाहिजे,’ म्हणाल्या. ‘चांदीचा प्याला. जुनं पुस्तक. आणि नियमाप्रमाणे बरोबर घेणारी माणसं.’ आजाऱ्याच्या घरी त्याच्याबरोबर निदान दोन माणसांनी घ्यावं लागतं, असं पुस्तकात आहे. कल्याण ते ठाण्यापर्यंत अशी दोनच माणसं होती, काका आणि मी. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘प्याला घासून आणतो.’

बाईंची खोली लहान, पलंगाला लागून खिडकी. बाई उशीला टेकून बसलेल्या, साडीला इस्त्री तशीच. पुतण्याची बायको दाराशी, साहेब स्टुलावर. काका प्याला छातीशी धरून उंबऱ्यात थांबले आणि नेहमीसारखं म्हणाले, ‘सलाम, बाई.’

बाई म्हणाल्या, ‘शांतवन, आज तेवढ्याने भागणार नाही.’

काकांनी आत येऊन प्याला साहेबांकडे दिला आणि ते खुर्चीत बसले.

‘मी जायला निघालेय. मला खरं सख्य पाहिजे. मी आधी सांगते. देवळात फुंकर मारली ते माझं चुकलं. तसं करायचं नव्हतं.’ त्यांना धाप लागली. पुतण्याच्या बायकोने पाणी दिलं ते त्यांनी हाताने बाजूला केलं. ‘पण मेणबत्त्या लावल्या ती चूक तुझी. दिवे-पूजा नको म्हणून आमच्या लोकांनी घरदार सोडलं होतं. ते कबूल कर. नाहीतर मी घेणार नाही.’

साहेब मायेने म्हणाले, ‘बाई, आता या गोष्टी कशाला? देव मन बघतो.’ त्यावर दोघांनी एकदम त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुस्तकाचं पान शोधायला लागले.

काका उठून स्वयंपाकघरात गेले. मी मागून गेले. ते सिंकपाशी उभे होते, पाणी प्यायचं निमित्त करून.

‘काका, म्हणा ना चुकलं म्हणून. त्यांचा जीव अडकलाय.’

‘चुकलेलं नाही.’

‘मग नुसतं म्हणा.’

‘खोटं बोलून प्याला घ्यायचा?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुला माहितीये त्याला काय म्हणतात? जो अयोग्य रीतीने घेतो तो स्वतःवर दंड घेतो. लिहिलेलं आहे. तुमच्यासाठी ते वाचायचं वाक्य असेल.’

मी म्हटलं, ‘मग तुम्ही घेऊ नका. मी एकटी घेते त्यांच्याबरोबर.’

‘दोघं लागतात,’ काका म्हणाले.

त्या क्षणी मला त्या पुस्तकाचा, त्या मेणबत्तीचा, दोघांच्या आजोबांचा आणि बोटीतून आलेल्या सगळ्या साहेबांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मरणाऱ्या बाईला एक घोट द्यायचा आणि त्यालाही नियम. काकांनी ग्लास धुतला, पालथा ठेवला, कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. मग खोलीत गेले आणि पलंगाजवळ गुडघ्यावर बसले. त्यांचे गुडघे गेलेले होते, फरशीवर बसताना आवाज झाला.

‘बाई, तुमचं बरोबर होतं,’ ते म्हणाले. ‘मेणबत्त्यांची गरज नव्हती. चूक माझी.’

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शाळेत अशी कित्येक पोरं त्यांच्यापुढे उभी राहून गेली असतील. मग म्हणाल्या, ‘बरं. सलाम, शांतवन.’ आणि साहेबांना म्हणाल्या, ‘करा सुरू.’

साहेबांनी जुन्या पुस्तकातून सगळं वाचलं, काही गाळलं नाही. अयोग्य घेणाऱ्याच्या दंडाचा भागही वाचला. काका मान खाली घालून ऐकत होते. बाईंनी दोन्ही हातांनी प्याला धरला, काकांनी खालून आधार दिला. मग मी घेतला. मग काकांपुढे प्याला आला. एरवी ते ओठाला लावून सोडत. त्या दिवशी त्यांनी उरलेलं सगळं प्यायलं, तळापर्यंत.

बाई त्याच आठवड्यात गेल्या. आठची उपासना बंद झाली, कारण आम्ही दोघंच राहिलो होतो. काका पुढच्या रविवारपासून साडेदहाला यायला लागले. कोट, बूट, तेल, सगळं तसंच. ड्रमच्या आवाजात शेवटच्या बाकावर ताठ बसायचे. सगळे प्रभुभोजनाला उठले की ते बसून राहायचे. मंडळीत निष्कर्ष निघाला, की काका रुसलेत, त्यांना प्लॅस्टिकचे पेले चालत नाहीत. पाळकसाहेब भला माणूस. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी त्यांनी मुद्दाम चांदीचा प्याला काढला आणि पुढून सगळ्यांदेखत म्हणाले, ‘काका, आज तुमच्यासाठी.’ सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. काकांनी नकाराची मान हलवली आणि बसून राहिले. नंतर काकांच्या दफनाच्या वेळी साहेबांनी हीच आठवण सांगितली, की काका शेवटपर्यंत जुन्या पद्धतीला चिकटून राहिले. बायकांनी डोळे पुसले.

मी त्या रविवारी उपासना सुटल्यावर त्यांना गेटपाशी गाठलं होतं. ते मोहन्याची रिक्षा बघत उभे होते. ऊन फार होतं आणि कोटाखाली शर्ट भिजलेला दिसत होता.

मी म्हटलं, ‘काका, पुरे आता. बाईंपुढे खोटं बोललात त्याची देवासमोर माफी मागा आणि मोकळे व्हा. पुस्तकातच आहे ना, पश्चात्ताप केला की माफ होतं.’

‘आहे,’ काका म्हणाले. ‘पण पश्चात्ताप खरा लागतो.’

‘मग?’

रिक्षा आली. त्यांनी आत बसून कोट सारखा केला, छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली.

‘रोज रात्री गुडघ्यावर बसतो, रत्ना,’ ते म्हणाले. ‘होतच नाही.’